उसन्या ओळी

८ सप्टेंबर

मास्तर म्हणतात, कविता लिहिणाऱ्याने रोज खाजगीत चार ओळी खरडाव्यात, त्याने हात सैल होतो. म्हणून ही वही. कुणी वाचणार नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. तर खरं हे, की 'रोज एक शब्द' या गटात शिरून मला महिना झाला आणि माझ्या कवितेखाली आजवर फक्त जोडलेल्या हातांचं चित्र येतं. तेही मास्तरांचं. ते सगळ्यांनाच हात जोडतात, सवयच आहे त्यांना, जन्मभर शाळेत शिकवलं.

रोज सकाळी मास्तर फोनवर एक शब्द पाठवतात. साधासुधा नव्हे, अडगळीत पडलेला, कुणी हल्ली तोंडात घेत नाही असा. सोबत एक सूचना. संध्याकाळपर्यंत ज्याने त्याने आपली कविता गटावर टाकायची. आजचा शब्द 'निरगाठ', सूचना : जे सुटत नाही त्याबद्दल लिहा. मी लिहिलं, 'आयुष्याची निरगाठ सुटता सुटेना.' टाकल्यावर माझं मलाच वाटलं, हे आमच्या लाँड्रीच्या पावतीमागेसुद्धा छापू नये.

पुढच्या महिन्यात मोठ्या सभागृहात गटाचं वाचन आहे. एक प्रकाशक येणार आहेत आणि आमच्यातल्या एकाच माणसाचं पुस्तक काढणार आहेत. मला ते पुस्तक हवं आहे. कॉलेजात मी कविता करायचे, मैत्रिणी वहीत उतरवून घ्यायच्या. मग लग्न झालं आणि दुकानाच्या काउंटरमागे बसले ती बसलेच. आता लोक मला 'लाँड्रीवाल्या बाई' म्हणतात. मरायच्या आधी कुणीतरी दुसरं काही म्हणावं एवढीच इच्छा आहे.

११ सप्टेंबर

आज गंमत झाली. हे मागे वाफेच्या प्रेसवर होते, मी पुढे कॉलरांना चिठ्ठ्या टाचत होते. ह्यांनी आवाज दिला, "अगं, ते दे ना इकडे. ते... शर्टाचे खांदे."

मी म्हटलं, शर्टाचे खांदे म्हणजे? तर हवेत हात फिरवून दाखवलं. हँगर! इतकी वर्षं हँगरच्या जंगलात उभा असलेला माणूस, त्याला हँगर शब्द सुचेना. मी हसले, हेही हसले. पण ते शब्द काही डोक्यातून जाईनात. आजचा शब्द होता 'वळचण'. मी तो कसाबसा कोंबला आणि लिहिलं :

दुकानाच्या वळचणीला
शर्टाचे खांदे टांगलेले;
माणसं मात्र रस्त्याने
बिनखांद्यांची निघाली.

अर्ध्या तासात गट जागा झाला. ते बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, जे एरवी दुसऱ्याच्या कवितेकडे नाकाने कांदे सोलत बघतात, त्यांनी लिहिलं, 'प्रतिमा अफाट!' गटातल्या डॉक्टरबाईंनीही 'सुंदर' म्हटलं, त्या सहसा काही बोलत नाहीत. मेंदूच्या आजारांवर उपचार करण्यात आयुष्य गेलं त्यांचं, आता घरी बसून कुंड्यांवर कविता करतात.

१२ सप्टेंबर

ह्यांना कविता वाचून दाखवली. खुर्चीत बसून लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाले, "तुला कसं गं सुचतं हे?"

म्हटलं, अहो, तुम्हीच म्हणालात काल. तर म्हणाले, छे, मी कशाला असलं बोलू. मस्करी नव्हती, त्यांना खरंच आठवत नव्हतं. मग मी तरी काय करणार? ज्याची ओळ तोच नाही म्हणतोय. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तसं झालं खरं, पण बिळाच्या मालकालाच बीळ नको असेल तर नागोबाने काय उन्हात बसायचं?

१९ सप्टेंबर

ह्यांच्या हातून आज सारखे हँगर पडत होते. सकाळी उठल्यापासून डोकं धरलेलं, एकदा उलटीही झाली. चष्म्याचा नंबर वाढला असणार. किती दिवस सांगतेय तपासून घ्या म्हणून, पण ऐकतील तर ना. मी उजव्या हाताला काय झालं विचारलं तर हाताकडे परक्यासारखं पाहिलं आणि म्हणाले, "हा हल्ली शेजाऱ्यांकडे राहायला गेलाय."

मी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावरच टिपून घेतलं. संध्याकाळी 'माझा उजवा हात' ही कविता टाकली. मास्तरांनी हात जोडले नाहीत. फोन केला! म्हणाले, बाई, तुमच्यात काहीतरी उघडलंय, आता मागे वळून बघू नका. बँकवाले गप्प आहेत, म्हणजे त्यांना झोंबलंय. पिकतं तिथे विकत नाही हेच खरं. ज्याचं बोलणं आज सगळे डोक्यावर घेतायत त्याला आजवर मी 'बरं, बरं' म्हणून गप्प करत आले.

२३ सप्टेंबर

वकीलसाहेबांचा पांढरा शर्ट जळाला. मला वास आला म्हणून मागे धावले तर प्रेसची वरची पाटी खाली दाबलेली, कडेने धूर निघतोय आणि हे शांत उभे. पायाने खटका दाबून मीच पाटी वर घेतली. पाठीवर तपकिरी डाग पडला होता. आजवर ह्यांच्या हातून कधी एक बटण करपलं नव्हतं.

विचारलं, अहो वास आला नाही का? तर म्हणाले, तो तर दिवसभर येतच असतो. प्रेस बंद असतानाही येतो म्हणे. जेवतानाही. मग म्हणाले, "करपलेल्या दिवसाचा वास येतो गं. कुठला दिवस ते कळत नाही."

वकीलसाहेबांची माफी मागितली. ते बरंच बोलले आणि त्यांचं काही चुकलं नाही. पण मी ऐकत होते आणि आतल्या आत ती ओळ घोळवत होते, विसरू नये म्हणून.

२८ सप्टेंबर

लेकीचा फोन. नोकरीपायी ती दूर असते, आठवड्यातून एकदा सविस्तर बोलते. आधी बाबांशी बोलली, मग मला फोन द्यायला सांगितला. आवाज उतरलेला. म्हणाली, "आई, बाबांना माझं नाव आठवेना. 'आपली ती, आपली ती' करत राहिले. तू त्यांना डॉक्टरकडे ने."

मी म्हटलं, थकलेत, वय झालंय, मलासुद्धा आठवत नाहीत नावं. तर म्हणाली, पोटच्या पोरीचं? मला राग आला. लांब राहून सल्ले द्यायला काय जातं, इथे दुकान कोण बघणार? मग तीही चिडली आणि फोन ठेवला. नंतर वाईट वाटलं. वाचन उरकलं की नेऊन आणीन, एवढं ठरवून टाकलं.

४ ऑक्टोबर

एक नवी रीत बसली आहे. सकाळी मास्तरांचा शब्द आला की चहाबरोबर तो ह्यांना ऐकवायचा आणि थांबायचं. घाई करायची नाही. प्रश्न विचारला तर गोंधळतात, नुसता शब्द समोर ठेवला तर बोलतात. आज 'फडताळ' होता, सूचना : बंद दाराआड काय आहे. हे बराच वेळ कपाकडे बघत राहिले. मग एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखं म्हणाले, "फडताळात आहे ना... सगळं आहे. मला दिसतंय. कडी सापडत नाही." आणि डोळ्यांत पाणी आलं.

मी हातावर हात ठेवला. मग वही घ्यायला गेले.

खरं लिहायचं ठरलंय म्हणून हेही लिहिते. डोकं फार दुखतं तेव्हा ह्यांचं बोलणं जास्त वेगळं येतं. गोळी घेतली की तासाभराने सरळ बोलायला लागतात, म्हणजे 'चहा दे', 'पावती फाड', तसं. पूर्वी गोळी चहाबरोबर द्यायचे. आता चहा झाल्यावर देते. थोडा उशीर, त्याने काय होतं? ह्यांनी स्वतःहून मागितली तर मी लगेच देतेच. हल्ली मागत नाहीत एवढंच.

९ ऑक्टोबर

आजचा शब्द 'कानोसा'. सूचना : घरात काय ऐकू येतं.

हे जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, दुकानातून वर घरात यायचं होतं पण उजवा पाय ऐकेना म्हणे. मी शेजारी बसले, शब्द सांगितला. मला वाटलं आज काही मिळणार नाही. डोळे मिटून बसले होते. मग हळूच म्हणाले, "आत कुणीतरी दिवे घालवत चाललंय. एकेका खोलीतले. पावलं ऐकू येतात."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीने आला का आनंदाने, ते मी आत्ताही सांगू शकत नाही.

मी एक अक्षरही बदललं नाही. ओळी तोडल्या आणि टाकल्या :

आत कुणीतरी
दिवे घालवत चाललंय,
एकेका खोलीतले.
पावलं ऐकू येतात.

गटावर मग एकदम पाऊस पडावा तशी वाहवा सुरू झाली. बँकवाल्यांनी लिहिलं, 'बाई, आम्ही पेन खाली ठेवलं.' मास्तर म्हणाले, समारोप तुमच्याकडे, सभागृहात सगळ्यात शेवटी तुम्ही वाचायचं. फक्त डॉक्टरबाईंनी गटावर काही लिहिलं नाही. त्यांचा मला वेगळा निरोप आला : 'उद्या बोलू शकाल का? जरा खाजगी आहे.' आता बाईंना काय खुपलं कोण जाणे.

११ ऑक्टोबर

डॉक्टरबाई दुकानात आल्या. काल मी फोन केला तर फोनवर नको म्हणाल्या होत्या. सुदैवाने हे वर झोपले होते, हल्ली दुपारी झोपले की लवकर उठत नाहीत. बाईंनी माझ्या सगळ्या कविता फोनवर एकाखाली एक काढून ठेवल्या होत्या. खांदे, हात, वास, फडताळ, दिवे. विचारलं, हे नुसतं सुचलेलं आहे की अनुभवलेलं?

आता कुठला कवी म्हणेल, नुसतं सुचलेलं? मी ताठ मानेने सांगितलं, मी अनुभवाशिवाय एक ओळ लिहीत नाही.

तर बाईंचा चेहरा पडला. माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मग माझं ऐका. डोक्याचा स्कॅन करून घ्या. मी मागे लागून लवकरची वेळ मिळवते."

मला आधी काही कळेचना. मग कळलं तेव्हा संताप आला. म्हणजे बँकवाल्याने लिहिलं असतं तर प्रतिभा, आणि लाँड्रीवालीने लिहिलं तर डोक्यात बिघाड! पण बाई हटेनात. शेवटी मी हो म्हटलं. नाही म्हणायचं तर ओळी कुठून आल्या ते सांगावं लागलं असतं.

१४ ऑक्टोबर

स्कॅन झाला. हे दुकानात एकटे होते, म्हणून मी शटर अर्धं ओढून आणि प्रेसची वायर काढून गेले होते.

डॉक्टरबाई स्वतः आल्या होत्या. रिपोर्ट बघून त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मलाच त्यांची दया आली. डोकं अगदी स्वच्छ. माझी माफी मागत म्हणाल्या, मीच मूर्ख, आयुष्यभर आजार बघितले म्हणून कवितेतही आजारच दिसायला लागला. मग चहा घेताना सांगितलं, त्यांच्याकडे येणारे काही रुग्ण हुबेहूब असंच बोलायचे. साध्या वस्तूचं नाव हरवायचं आणि ते वळसा घालून तिथे पोचायचे. हात परका वाटायचा. नसलेला करपट वास यायचा. डोक्यात काहीतरी वाढत असायचं. वेळेवर आले ते वाचले. उशिरा आलेल्यांचं काही सांगता येत नसे.

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला.

बाईंनी सहज विचारलं, "घरात दुसरं कुणी बोलत नाही ना असं?"

मी म्हटलं, "नाही."

विचार करून म्हटलं नाही. बाई कौतुकाने बघत होत्या, नुकत्याच मला खरी कवयित्री म्हणाल्या होत्या, आणि तोंडातून 'नाही' निघून गेलं. एकदा गेल्यावर मागे कसं घ्यायचं? रस्ताभर ठरवत आले, घरी पोचताच फोन करायचा. घरी पोचले तर हे काउंटरवर माझ्या जागी बसले होते. मला बघून छान हसले. अर्ध्याच तोंडाने हसले.

१५ ऑक्टोबर

फोन केला नाही. रविवारी वाचन आहे. मधे तीनच दिवस, आणि इतके दिवस गेले तिथे तीन दिवसांनी काय बिघडणार? सोमवारी सकाळी पहिलं काम तेच. बाईंना सगळं सांगेन, काय बोलतील ते खाली मान घालून ऐकेन. आता सांगितलं तर धावपळ सुरू होईल, तपासण्या, लेक येईल, आणि शेवटी समारोपाला बँकवाले उभे राहतील गुलाब आणि चांदणं घेऊन.

शिवाय बाईंचं एकदा चुकलंच आहे. माझ्या बाबतीत चुकलं, तर ह्यांच्याही बाबतीत चुकू शकतं.

गोळी आज वेळेवर दिली. चहाच्या आधीच.

१७ ऑक्टोबर

मास्तरांचा शब्द : 'निरवानिरव'. सूचना वाचलीच नाही. ह्यांना शब्द सांगितला नाही. चहा दिला आणि दुकानात जाऊन बसले. मागून ह्यांचा आवाज आला, काहीतरी लांबलचक सांगत होते. मी वाफेचा खटका दाबून ठेवला, म्हणजे ऐकू येणार नाही.

१८ ऑक्टोबर

हे उद्या यायचं म्हणतात. मी घरी राहा म्हटलं तर लहान मुलासारखं तोंड केलं. कपाटातून स्वतः शर्ट काढला, स्वतः इस्त्री करायला निघाले, मी करू दिली नाही. घालताना उजवी बाही तशीच लोंबत राहिली आणि ह्यांना ते कळलंही नाही. मी हात धरून बाहीत घातला. हात गार होता. उद्याचा एक दिवस, देवा, एवढाच एक दिवस.

२० ऑक्टोबर, हॉस्पिटल

जसं झालं तसं लिहिते.

सभागृह भरलं होतं. हे पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. दोन खुर्च्या सोडून डॉक्टरबाई, त्यांना मी ह्यांची ओळखही करून दिली नव्हती. प्रकाशक मास्तरांशेजारी. मी एकेक कविता वाचत गेले आणि दर कवितेला टाळ्या वाढत गेल्या. हेही वाजवत होते, डाव्या हाताने मांडीवर. शेजारच्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. माझी बायको, असंच सांगत असणार. आपल्याच ओळी ऐकत होते आणि त्यांना त्या माझ्या वाटत होत्या.

शेवटची दिव्यांची. 'आत कुणीतरी' म्हटलं आणि मला दिसलं, ह्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय. उजवा हात खुर्चीच्या दांड्यावर धडधड आपटतोय. डोळे वर गेलेत. सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, म्हणून अजून कुणाला दिसलं नव्हतं. फक्त मला दिसलं.

तीन ओळी उरल्या होत्या. मी वाचल्या.

टाळ्या सुरू झाल्या आणि त्यांतच हे खुर्चीसकट खाली गेले. डॉक्टरबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. त्यांनी ह्यांना कुशीवर वळवलं, मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी अजून माइकसमोरच होते. त्यांना तेव्हाच सगळं कळलं असणार.

रुग्णवाहिकेत त्यांनी फक्त विचारलं, "ह्यांच्या होत्या ना ओळी?" मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२१ ऑक्टोबर

आज ऑपरेशन झालं. गाठ डाव्या बाजूला होती, बोलण्याच्या जागेला चिकटून. बरीचशी निघाली, सगळी नाही. जीव वाचला आहे म्हणतात. बोलण्याचं काही सांगता येत नाही म्हणतात. लेक आली आहे. ती माझ्याशी बोलते, पण 'आई' म्हणत नाही.

२४ ऑक्टोबर

मास्तरांचा निरोप आला. आधी ह्यांची चौकशी, मग पुस्तक तुमचंच ठरलंय म्हणून अभिनंदन. मी फोन पर्समध्ये टाकला.

दुपारी एक बाई आल्या, गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या. तरुण आहेत, हसऱ्या आहेत. हे टक्क डोळे उघडून पडलेले असतात. ओठ हलतात, आवाज निघत नाही. बाई म्हणाल्या, घाबरू नका, अशा वेळी नवे शब्द येत नाहीत, पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेली वाक्यं कधीकधी आपोआप परत येतात. तिथूनच सुरुवात करायची. मग कागद पुढे ओढून विचारलं, "आजारपणाच्या आधी ते कसे बोलायचे? रोजचं काहीही सांगा. तुम्हाला हाक कशी मारायचे, कामावरून वर आले की काय म्हणायचे."

मी तोंड उघडलं आणि शर्टाचे खांदे आले. मग शेजाऱ्यांकडे गेलेला हात आला, करपलेला दिवस आला. बाई समजूतदारपणे म्हणाल्या, हे आजारातलं झालं, ते नको. त्याच्या आधीचं.

त्याच्या आधीचं. आमचं लग्न झालं, मूल झालं, दुकान उभं केलं, एका भिंतीच्या अलीकडे पलीकडे दिवसभर उभे राहिलो, आणि हे बोलत होतेच की सगळा वेळ. गिऱ्हाइकांबद्दल, वाफेबद्दल, लेकीबद्दल, माझ्या तब्येतीबद्दल. मी 'बरं, बरं' म्हणत होते ते कशाला, ते मला आठवेना. लेकीला विचारू या, असं बाईंनी सुचवलं. मी म्हटलं नको, मला आठवेल, मी बायको आहे.

बाई कोरा कागद आणि पेन माझ्यापाशी ठेवून गेल्या. म्हणाल्या, पाचसहा वाक्यं पुरेत. ते समोर ठेवून मी ह्यांच्या पलंगाशी बसले आहे. हे माझ्याकडे बघतात, ओठ हलवतात, मी सुरुवात करून द्यायची वाट बघतात. संध्याकाळ झाली. अजून एक वाक्य आठवलेलं नाही.